आपले दुकान, आपली मजुरी



आज ह्या सभागृहात स्वतःचा धंदा करणारी मंडळी बहुसंख्य आहेत. ‘कोणाची चाकरी नाही’ हे शब्द आपण अभिमानाने उच्चारतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. मात्र स्वतःचा रोजगार आणि स्वतःचा व्यवसाय ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तेथे माझी थोडी तक्रार आहे. हिशेब तपासणे हा माझा पेशा असल्यामुळे ती आकड्यांतून आलेली आहे.

गलाईचेच उदाहरण घेऊ. खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील माणसे मूस आणि भट्टी घेऊन देशभर पसरली. सराफाचे जुने सोने वितळवायचे, त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळायची, मग ते तेजाबात टाकायचे. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. पुढे त्या द्रवात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी परत मिळवायची. हे कसब मोठे आहेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, की परमुलखातला, परभाषेचा सराफ आपले सोने निःशंकपणे ह्यांच्या हाती देतो.

आता मला सांगा, तो विश्वास कोणावर असतो? दुकानावर की माणसावर? गावच्या जत्रेला मालक महिनाभर गेला की दुकानाला कुलूप लागते. सराफ म्हणतो, ‘ते आले की येतो.’ ऐकायला हे गोड वाटते. पण मालक अंथरुणाला खिळला, की त्याच प्रेमळ वाक्याने घरची चूल विझते. शिवाय कायद्याच्या दृष्टीने एकमालकी दुकान आणि त्याचा मालक ह्या दोन निराळ्या व्यक्ती नव्हेत. दुकानाचे कर्ज घरादारावर येते.

आणि ज्याला आपण नफा म्हणतो तो तरी नफा असतो का? समजा, वर्षाअखेर सहा लाख रुपये उरले. हेच काम दुसऱ्याकडे केले असते तर महिना पस्तीस हजार पगार मिळाला असता. म्हणजे त्यातील चार लाख वीस हजार ही आपली मजुरी झाली. दुकानात गुंतलेले पंधरा लाख आठ टक्क्यांनी ठेवले असते तर एक लाख वीस हजार व्याज आले असते. उरले साठ हजार. व्यवसायाने म्हणून मिळविले ते एवढेच. पत्नीने दुकानात घातलेले तास तर आपण कोठेच मांडत नाही. ते मांडले तर बहुधा तोटाच निघेल!

त्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. मुंबईत शिक्षकाची नोकरी केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. तेथपर्यंत ते आपल्यासारखेच होते. पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीपायी शेतकरी तो घेईनात, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. 1910 साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभा राहिला. 1956 साली लक्ष्मणराव गेले. कारखाना थांबला नाही. काम माणसांना शिकविलेले होते, आणि गिऱ्हाईक नांगर पाहून येत होते.

प्रत्येकाने कारखानदार व्हावे, असे माझे म्हणणे नाही. एकट्याच्या हातच्या कामात जे समाधान आहे, ते दहा माणसांचे पगार भागविणाऱ्याला क्वचितच लाभते. पण निवड जाणून केलेली असावी. एकट्यानेच करायचे असेल तर विमा आणि आजारपणाची शिल्लक आधी. वाढवायचे असेल तर वजनाची पावती, कसाची लेखी नोंद, हाताखालच्या मुलाला सराफाच्या पेढीवर पाठविणे, आणि त्याला नीट पगार देणे. बहुतेक जण अडतात ते ह्या शेवटच्या ठिकाणी. 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. कस यंत्रावर पाहिला जातो. केवळ ‘अण्णांचा शब्द’ ह्यावर पुढची पिढी किती दिवस भट्टी चालवील, ह्याचा विचार अण्णांनीच करायला हवा.

गेल्या दिवाळीत मी माझ्या कचेरीचा हिशेब असाच मांडून पाहिला. जे उरले, ते ह्या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. तूर्त एका तरुण सहकाऱ्याला भागीदार करून घेण्याची बोलणी चालू आहेत.