'द माउसट्रॅप' : गुपित राखणारे नाटक
अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या अ‍ॅम्बॅसडर्स थिएटरात आले आणि १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरात गेले. त्याचे मूळ मात्र बीबीसीने १९४७ साली राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त सादर केलेल्या छोट्या नभोनाट्यात आहे. बर्फाने वाट अडवलेले अतिथिगृह, आत अडकलेली मोजकी माणसे आणि त्यांच्यातच दडलेला खुनी, अशा रचनेला 'बंदिस्त वर्तुळ' म्हणता येईल. बाहेरून कोणी येण्याची शक्यताच नसल्याने संशय आळीपाळीने प्रत्येकावर जातो आणि रसिकाला लेखिकेच्या बरोबरीने तर्क लढवता येतो. प्रयोग संपताना गुन्हेगाराचे नाव बाहेर न फोडण्याची विनंती प्रेक्षकांना केली जाते, आणि नवल म्हणजे, अनेक जण ती मनापासून पाळतात. नाटक चालू असेतो मूळ कथा ब्रिटनमध्ये पुस्तकरूपाने येऊ नये आणि प्रयोग थांबून सहा महिने होईपर्यंत त्यावर चित्रपट निघू नये, अशाही अटी होत्या. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पडलेला खंड मे २०२१ मध्ये संपला, तेव्हाही शेकोटीवरच्या फळीवर पहिल्या प्रयोगापासूनचेच घड्याळ होते.