शाळेच्या गेटपासून 50 मीटर

आजचा एपिसोड छोटा आहे. ट्रेनमध्ये असाल तर विक्रोळीला सुरू करा, भांडुप यायच्या आत संपेल.

मागच्या महिन्यात भाच्याला शाळेतून आणायला मुलुंडला गेलो होतो. वय वर्षं 9. गेटमधून बाहेर आला, मला हात केला आणि सरळ समोरच्या टपरीवर. "मामा, 5 रुपये सुट्टे आहेत?" दिले. मामा आहे, काय करणार! वेफर्सचं पाकीट फुटलं. दप्तरातल्या डब्यात पोळी-भाजी तशीच.

आता गंमत ऐका. एफएसएसएआयचा 2020चा नियम आहे. जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, आणि गेटपासून 50 मीटरच्या आतही नाहीत. सवयीप्रमाणे मी पावलं मोजली. टपरी 22 पावलांवर. म्हणजे साधारण 16 मीटर.

त्याआधी 2017 मध्ये राज्य सरकारने शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड बाहेर काढायला सांगितलं होतं. कॅन्टीनमधून ते खरंच गेलं. फक्त गेट ओलांडून समोर जाऊन बसलं.

ताईने पालक सभेत विषय काढला. उत्तर आलं, "गेटबाहेरचं आमच्या हातात नाही." खरं सांगू? मला राग आला. पण मग टपरीवाल्या काकांशी बोललो, आणि तो जरा उतरला. काका म्हणाले, "चणे-शेंगदाणे ठेवून बघितले रे, आठवडाभर पडून राहिले. पाकिटं कंपनीचा माणूस दारात आणून देतो, लटकवायचा स्टँडपण त्यांचाच." नियमात काकांना हटवा असं कुठेच नाही, माल बदला असं आहे. उकडलेलं कणीस विकलं तर कोण अडवणार? पण माल बदलला आणि खपला नाही, तर नुकसान काकांचं. ते कोण भरणार, याबद्दल नियम गप्प आहे.

आणि ताईला तरी काय बोलणार? ती 7:40ची लोकल पकडते. डबा सहाला भरलेला, सुट्टीपर्यंत पोळीचं चामडं होतं.

सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं. आमच्या भाच्याची शाळा स्टेट बोर्डाची, म्हणून बोर्ड मी घरीच केला. कोल्ड्रिंकच्या 250 मिलीच्या बाटलीत जेवढी साखर असते, तेवढी चमच्याने वाटीत काढून दाखवली. सहा चमच्यांच्या वर गेली. भाचा म्हणाला, "एवढी? आणि आई चहात दुसरा चमचा घालू देत नाही!"

खेळाचंही तेच. 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी संडे स्ट्रीट्स सुरू केलं. रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद, मुलांना खुले. मुलुंडला तानसा पाइपलाइनजवळचा रस्ता होता. तेव्हा हाच पठ्ठ्या सहा वर्षांचा. दोन तास सायकल चालवली आणि घरी येऊन न सांगता तीन पोळ्या खाल्ल्या. एरवी सोसायटीत सायकल काढली की वॉचमन ओरडतो, कारण सगळीकडे पार्किंग.

असो. काकांशी सौदा झालाय. चणे-कुरमुऱ्यांच्या 5 रुपयांच्या 40 पुड्या, वर कांदा-लिंबू मारून. उरतील त्यांचे पैसे मी आणि ताई देणार. पुड्या रविवारी बांधायच्या, भाचा मदतीला. सोमवारी किती खपल्या, ते पुढच्या एपिसोडला सांगतो.