रुग्ण कोणाचा? : क्षयरोग, आरोग्य विभाग आणि खासगी वैद्यक



सार्वजनिक आरोग्य विभाग आणि खासगी आरोग्यसंस्था यांची भागीदारी म्हटले की सहसा रुग्णालयाची इमारत, महागडी यंत्रे किंवा विमायोजना यांचे करार डोळ्यांसमोर येतात. परंतु या भागीदारीची खरी कसोटी जेथे लागते तो आजार जुना, गरिबांचा आणि संसर्गाने पसरणारा आहे. क्षयरोगाच्या एका रुग्णाचा उपचार सहसा किमान सहा महिने चालतो, तो मध्येच सुटला तर रोग बळावून परत येतो, आणि उपचाराविना राहिलेला फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण घरातल्या व कामाच्या ठिकाणच्या माणसांना बाधा देत राहतो. त्यामुळे 'हा रुग्ण कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर त्याची किंमत रुग्णाबरोबर त्याच्या शेजाऱ्यालाही मोजावी लागते.

जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक भारतात आहे. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. १९९७ पासून त्याची सुधारित आवृत्ती 'डॉट्स' पद्धतीने, म्हणजे आरोग्यसेवकाच्या देखत औषध घेण्याच्या शिस्तीने, राबवली जाऊ लागली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. हे काम मोठे होते, यात शंका नाही. तथापि त्याची रचना एका गृहीतकावर उभी होती, ते असे की रुग्ण सरकारी केंद्रात येईल. प्रत्यक्षात खोकल्याने बेजार झालेला कामगार आधी औषधाच्या दुकानातून बाटली घेतो, मग संध्याकाळी कामावरून परतताना उघड्या असलेल्या दवाखान्यात जातो आणि गुण आला नाही तर डॉक्टर बदलतो; कारण सरकारी केंद्राच्या वेळेत तेथे जायचे तर त्याचा रोज बुडतो. औषधविक्रीच्या आकड्यांवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की २०१४ मध्ये देशातील खासगी क्षेत्रात झालेला क्षयरोगाचा उपचार सरकारी क्षेत्रातील उपचाराच्या सुमारे दुप्पट होता. ज्याला शासन राष्ट्रीय कार्यक्रम म्हणत होते, त्याच्या बाहेरच राष्ट्राचा मोठा भाग औषध घेत होता.

या बाहेरच्या भागात काय चालले होते, याचा पुरावा मुंबईनेच दिला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याला असे आढळले की मुंबईच्या गरीब वस्त्यांतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या. जवळजवळ दोन दशकांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीच्या परिसरात तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ सहा जणांची योजना योग्य ठरली. चुकीची जोडणी, अपुरी मात्रा किंवा अपुरा काळ यांमुळे जंतूंपैकी जे औषधाला पुरून उरतात तेच वाढत जातात, आणि यालाच औषधप्रतिरोध म्हणतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्याच एका खासगी रुग्णालयातून तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे भारतातील पहिले चार रुग्ण जगासमोर मांडले गेले, तेव्हा त्यांतील तिघांनी आधी अनेक खासगी डॉक्टरांकडे विस्कळीत उपचार घेतले होते, हेही त्या नोंदीत होते. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: चूक खासगी वैद्यकात झाली, तशीच ती मोजण्याचे आणि निर्भीडपणे प्रसिद्ध करण्याचे कामही बऱ्याच अंशी खासगी रुग्णालयातील डॉक्टरांनीच केले.

शासनाने मे २०१२ मध्ये क्षयरोग 'अधिसूचित' आजार ठरवला. अधिसूचना म्हणजे रुग्ण आढळताच त्याची नोंद शासनाला कळवण्याचे बंधन. तिच्यासाठी 'निक्षय' नावाची संगणकीय नोंदवही त्याच वर्षी उभी राहिली. तरीही पुढच्या वर्षी देशभरातील खासगी क्षेत्रातून जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास नोंदी आल्या. डॉक्टरांची अनास्था हे त्याचे कारण सांगणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. नोंद केली की सरकारी कर्मचारी रुग्णाच्या दारात उभा राहील, चाळीत बभ्रा होईल, मुलीचे लग्न अडेल, आणि रुग्ण आपल्याकडून कायमचा निघून जाईल, ही भीती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही होती. नोंदीच्या बदल्यात त्यांना मिळत काहीच नव्हते. मार्च २०१८ मध्ये नोंद न करणे भारतीय दंडसंहितेच्या कलम २६९ व २७० खाली शिक्षापात्र ठरले. परंतु दंडाच्या धाकाने फार तर कागद भरला जातो, रुग्ण सहा महिने गोळ्या घेईल याची हमी त्यातून मिळत नाही.

उत्तर दुसऱ्या वाटेने सापडले. हैदराबादच्या महावीर ट्रस्ट रुग्णालयाने १९९५ पासूनच दाखवले होते की परिसरातील खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन एक विश्वस्त रुग्णालय सरकारी कार्यक्रमाचे केंद्र म्हणून काम करू शकते. २०१४ मध्ये हाच विचार मुंबई, पाटणा आणि मेहसाणा येथे मोठ्या प्रमाणावर उतरवला गेला. मुंबईत महानगरपालिका, 'पाथ' ही स्वयंसेवी संस्था आणि गेट्स प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य यांतून एक मध्यस्थ संस्था उभी राहिली. मध्यस्थ संस्था म्हणजे सरकारी कार्यालय आणि खासगी दवाखाना यांच्यामध्ये राहून दोघांची कामे जोडून देणारी यंत्रणा. तिच्या रचनेत ॲलोपॅथीच्या पदवीधरांबरोबर आयुर्वेद व होमिओपॅथीचे डॉक्टर, औषधविक्रेते आणि प्रयोगशाळा यांचे जाळे होते. संशयित रुग्णाला क्ष-किरण आणि जनुकीय तपासणीसाठी मोफत व्हाउचर मिळे, निदान झाल्यावर औषधे त्याच्या ओळखीच्या दुकानातूनच विनामूल्य मिळत, आणि गोळ्या चालू आहेत की नाहीत याची विचारपूस संस्थेचे कार्यकर्ते करत. रुग्ण मात्र आपल्याच डॉक्टरकडे राहत असे. या एका बाबीने भीतीचे मूळच काढून टाकले. डॉक्टरचा रुग्ण गेला नाही, रुग्णाचा पैसा वाचला आणि पालिकेला आजवर न दिसलेली माणसे दिसू लागली.

त्यानंतर 'जीत' या प्रकल्पाद्वारे २०१८ पासून अशा यंत्रणा अनेक राज्यांत गेल्या. खासगी डॉक्टरला नोंदीसाठी ५०० आणि उपचाराचा निकाल कळवण्यासाठी ५०० रुपये, तर रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद झाली. पोषणाची ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. २०१९ मध्ये देशातील एकूण सुमारे २४ लाख नोंदींपैकी ६.७८ लाख खासगी क्षेत्रातून आल्या, आणि २०२३ मध्ये सुमारे साडेपंचवीस लाखांपैकी हा वाटा एक-तृतीयांशाच्या घरात गेला.

भागीदारीचा सर्वांत मोलाचा धडा मात्र या आकड्यांत नाही. अनेक वर्षे सरकारी कार्यक्रमात क्षयाची औषधे आठवड्यातून तीन वेळा दिली जात, आणि खासगी डॉक्टर ती रोज देत. सरकारी दृष्टीने खासगी वैद्यक बेशिस्त होते. खासगी वैद्यकाच्या दृष्टीने सरकारी पद्धत अपुरी होती, आणि अनेक डॉक्टर रुग्णाला तिकडे न पाठवण्याचे हेच कारण देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये रोजच्या मात्रेला प्राधान्य दिले; २०१४ मध्ये दोन्ही क्षेत्रांतील तज्ज्ञांनी मिळून तयार केलेल्या 'भारतातील क्षयरोग उपचाराची मानके' या दस्तऐवजातही रोजचीच मात्रा आली; आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच वर्षी सरकारी कार्यक्रम रोजच्या मात्रेवर आला. औषधांची जोडणी आणि काळ यांबाबत धारावीतील बहुसंख्य डॉक्टर चुकले होते, तर मात्रेच्या वेळापत्रकाबाबत खासगी बाजूचा आग्रह योग्य निघाला. ज्या भागीदारीत फक्त एका पक्षाने शिकायचे असते तिला भागीदारी म्हणता येत नाही, तो कंत्राटी व्यवहार असतो.

बाजारपेठेचीही अशीच दुरुस्ती झाली. रक्तातील प्रतिपिंडे मोजून क्षयाचे निदान करण्याचा दावा करणाऱ्या निरुपयोगी चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास चालत. त्यांवर २०१२ मध्ये बंदी आली, आणि पाठोपाठ प्रयोगशाळांच्या एका गटाने जनुकीय तपासणी कमी दरात देण्याचे मान्य केले. बंदी आणि स्वस्त पर्याय एकामागोमाग आले म्हणून चांगली चाचणी रुग्णाच्या आवाक्यात आली. नुसती बंदी त्याला हा पर्याय देऊ शकली नसती.

या व्यवस्थेचे दोषही आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजेत. मध्यस्थ संस्थांचा प्रारंभीचा पैसा बव्हंशी देणगीदारांचा होता, आणि देणगीची मुदत असते. कार्यकर्त्याचे कंत्राट संपले आणि नवे होण्यास विलंब लागला, तर वर्षानुवर्षे कमावलेली डॉक्टरची ओळख आणि रुग्णाचा दूरध्वनी दोन्ही हरवतात. त्या काळात गोळ्या सुटलेल्या रुग्णाला निविदा प्रक्रियेशी काही देणेघेणे नसते. शासनाने मोफत औषधाचे वचन दिले की पुरवठ्याचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच येते. मार्च २०२४ मध्ये केंद्रातून औषधे वेळेवर न पोहोचल्याने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगावे लागले, ही बाब गौण मानता येणार नाही. कारण खासगी डॉक्टर आपला रुग्ण कार्यक्रमाशी जोडतो तो ज्या विश्वासाने, तो विश्वास रिकाम्या फडताळासमोर टिकत नाही. आणखी एक धोका असा की नोंदींची संख्या हेच उद्दिष्ट बनते. नोंद झालेला रुग्ण आणि बरा झालेला रुग्ण यांत सहा महिन्यांचे अंतर असते, आणि या सहा महिन्यांत गावी निघून जाणारा ऊसतोड कामगार किंवा पत्ता बदलणारा बांधकाम मजूर जर दोन जिल्ह्यांच्या दप्तरांमध्ये हरवला, तर भागीदारीचे यश कागदावरच उरते. रुग्णाच्या माहितीची गुप्तता जपणे हा याच उत्तरदायित्वाचा भाग आहे, कारण नाव उघड होण्याची भीती हेच नोंद टाळण्याचे जुने कारण होते.

आजच्या स्नातकांपैकी काही जण आरोग्य विभागात जातील आणि अनेक जण खासगी रुग्णालयांत किंवा स्वतःच्या दवाखान्यात बसतील. क्षयाचा रुग्ण मात्र या दोन्ही दारांतून येणार आहे. सरकारी सेवेत जाणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातील किंवा प्रभागातील खासगी डॉक्टर आणि औषधविक्रेते यांना तपासणीस गेल्यासारखे न भेटता त्यांना काय हवे ते विचारण्यासाठी भेटावे. खासगी व्यवसाय करणाऱ्यांनी दवाखान्याची पाटी लावतानाच 'निक्षय'मध्ये आपली नोंदणी करावी, पहिल्या संशयित रुग्णाची थुंकी जनुकीय तपासणीस पाठवावी, आणि तो गोळ्या न्यायला आला नाही त्या आठवड्यातच त्याचा शोध घ्यावा. या कामात मदत हवी असल्यास राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची निःशुल्क दूरध्वनी सेवा डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठीही उपलब्ध आहे; तिचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे.