दुखणं ओसरल्यावर नागावात

3 महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यक दीर्घकालीन म्हणतं. ती उपचारांनी ओसरली, तरी किनाऱ्यावरच्या नागावचा माणूस वाडीत उतरायला कचरतो. पोफळीतली पायवाट आणि आक्षीकडचा किनारा नुसत्या आठवणीत राहतो. उरलेला उपचार खरं तर तिथेच आहे. जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली व्यायामाचीही शिफारस केली. ‘पुन्हा दुखलं तर?’ ही शंका रास्त आहे. पण नुसत्या विश्रांतीने स्नायू दुबळे होतात आणि सांध्यांचा आधार जातो. म्हणून भुसभुशीत वाळू टाळून ओहोटीच्या घट्ट वाळूवर चालावं, अंतर बेताबेताने वाढवावं. पाय बधिर वाटला, तर डॉक्टर गाठावा. माडावर मात्र पाडेकऱ्यालाच चढू द्यावं!