चित्रकलेची पदवी

मुलानें वा मुलीनें चित्रकलेची पदवी घेण्याचा मनोदय बोलून दाखविला कीं सुशिक्षित घरांतही पहिला प्रश्न निघतो तो उदरनिर्वाहाचा. प्रश्न रास्त आहे. पण त्याआधीं तेथें शिकवितात काय, हें जाणून घ्यावें.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. त्यांतील कित्येक १८८५ सालीं लंडनमध्यें लागलेल्या आगींत जळाल्या. मात्र प्राचीन रेषांचा मागोवा घेतांना त्या तरुणांना जी दृष्टि लाभली असेल, ती जळण्याजोगी नव्हती.

आजचा चार वर्षांचा अभ्यासक्रमही मूलतः ही दृष्टीच घडवितो. आरंभीं रेखांकन व रंगज्ञान. पुढें स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, रचनाचित्र आणि जोडीला कलेचा इतिहास. एकच मडकें अनेकवार रेखाटल्यावर विद्यार्थ्याच्या ध्यानीं येतें कीं, आजवर आपण तें नुसतें ओळखत होतों, पाहिलें आतां!

पदवीनें कोणी कलावंत होत नाहीं, आणि पोटाची हमीही मिळत नाहीं. अध्यापन, पुस्तकांचीं सजावट-चित्रें, व्यक्तिचित्रण असे मार्ग आहेत. पण ते धीर मागतात. म्हणून 'मिळेल किती?' असें विचारण्यापूर्वीं पालकांनीं एवढेंच विचारावें, 'चित्र काढल्यावांचून तुला राहवतें काय?' उत्तर 'नाहीं' असें आलें, तर त्या वाटेंत आडवें येऊं नये.