शेजाऱ्याचें बोलणें
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल दिनीं देवाचे उपकार आठवण्यास आपण येथें जमलों आहों. मंडपांत आपले ठाकूर, कातकरी व कुणबी शेजारीही बसले आहेत. त्यांच्या देखत आंतरधर्मीय संवादावर बोलावयाचें म्हणजे थोडें अवघडच. कारण संवाद म्हटला कीं आपणांस आपलें बोलणें आठवतें, ऐकणें आठवत नाहीं.

ऐकण्याचा आपल्यांतील जुना दाखला फादर स्टीफन्स यांचा. हे इंग्रज गृहस्थ १५७९ सालीं गोव्यास आले व येथल्या भाषा शिकले. साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांनीं त्यांस विचारलें कीं, जुनीं पुराणें सुटलीं, आतां आम्हीं वाचावें काय? तेव्हां त्यांनीं लॅटिन पोथी पुढें केली नाहीं. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी हातीं घेतली. सुमारें ११,००० ओव्यांचें त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. लिपी मात्र रोमन!

परंतु एवढ्यावरच थांबलों तर मीं अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. तीं जुनीं पुराणें आपोआप सुटलीं नव्हतीं. साष्टींतील देवळें राजसत्तेच्या बळावर पाडलीं गेलीं होतीं. त्याच संतापांतून १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीयांचा वध झाला. त्यांचे प्रमुख धन्य रुदोल्फ आक्वाविवा हे अकबर बादशहाच्या दरबारीं मुल्ला-पंडितांशीं धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. जो पुरुष फत्तेपूर सिक्रीस इतकें बोलला, त्यास कुंकळ्ळीस बोलण्यास अवसरच मिळाला नाहीं. त्याच्या आधीं तेथें तोफा बोलून गेल्या होत्या. पुढें गांवच्या पुढाऱ्यांनाही बोलावून नेऊन ठार करण्यांत आलें. त्या हुतात्म्यांस आपण वंदन करतों. त्या देवळांचें व त्या पुढाऱ्यांचें दुःखही आपण त्याच तोंडानें सांगितलें पाहिजे. १६८४ सालीं तर राज्यकर्त्यांनीं लोकभाषेवरच बंदी घातली. मग संवाद व्हावा तरी कोणत्या भाषेंत?

डिसेंबर १९६४ मध्यें पोप सहावे पॉल मुंबईस आले व अन्य धर्मांच्या प्रतिनिधींपुढें त्यांनीं बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थना म्हटली. व्हॅटिकन परिषदेचें याविषयींचें घोषणापत्र त्यानंतर, २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं निघालें. म्हणजे पत्र येण्याआधींच पाऊल पडलें होतें, आणि तें आपल्या मुंबईंत! आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां विरोधही झाला. तरी ते गेले व मराठींतच बोलले.

आतां आपल्या आटगांवाकडे वळूं. शाळा, दवाखाना, रुग्णसेवा कांहींही केलें तरी कोणीतरी विचारतोच: "यांत तुमचा हेतु काय?" या प्रश्नाचा राग मानूं नये; वर सांगितलेला इतिहास ज्यास ठाऊक आहे, तो हें विचारणारच. आम्ही ख्रिस्ताचे आहों हें लपवूं नये, आणि सेवेच्या बदल्यांत कांहीं मागूंही नये. उत्तर एवढेंच, पण तें वर्षानुवर्षें वागण्यांतून द्यावें लागतें.

पौष पौर्णिमेस म्हशाची जत्रा भरेल. घोंगडी घ्यावयास व बैल पाहावयास आपण जातोंच. ह्या खेपेस खांबलिंगेश्वराच्या देवळापाशीं घटकाभर थांबावें, एखाद्या म्हाताऱ्या बाबास त्याच्या देवाची गोष्ट विचारावी, आणि तो सांगूं लागला म्हणजे मध्येंच आपलें उत्तर घालूं नये.