पेंटबॉलचा लहान दुकानदार

पेंटबॉल हा खेळ श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. कित्येकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. लोणावळा, बेंगळुरू अशा काही ठिकाणी सहलीला आलेल्या मंडळींच्या करमणुकीसाठी त्याची मैदाने आहेत. तेथे बंदूक, मुखवटा, गोळ्या हे सारे साहित्य बहुधा भाड्याने मिळते आणि खेळ संपला की परत करावयाचे असते. त्यामुळे या खेळाचे साहित्य विकणारे एखादे खास दुकान असू शकते, ही कल्पनाच आपल्याला थोडी नवलाची वाटेल. अमेरिकेत मात्र अशा दुकानदारांचा एक लहानसा वर्ग गेल्या चार दशकांत उदयास आला, त्याने चांगले दिवस पाहिले आणि पुढे तो अडचणीत सापडला. खेळ परका आहे आणि व्यापारही लहान आहे. परंतु ज्या ज्या धंद्यात गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराला अधिक कळते, त्या प्रत्येक धंद्यापुढे येणारा एक प्रश्न या दुकानदाराच्या कहाणीत स्पष्ट दिसतो.

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्येकडील एक लहान, वनांनी भरलेले राज्य. त्या राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या रानात 27 जून 1981 रोजी बारा जण एकत्र जमले. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी या तिघांनी त्यांना बोलावले होते. प्रत्येकाच्या हाती ‘नेल-स्पॉट 007’ नावाची बंदूक होती. ही बंदूक मुळात खेळासाठी बनलेली नव्हती. तोडावयाच्या झाडांवर किंवा कळपातील गुरांवर दुरून रंगाची खूण करता यावी म्हणून नेल्सन या रंगाच्या कंपनीने ती डेझी या कारखान्याकडून बनवून घेतली होती. प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेस न पडता रानातील सर्व निशाणे गोळा करावयाची, आणि अंगावर रंग उडाला की खेळातून बाद व्हावयाचे, असा तो डाव होता. तो जिंकला रिची व्हाइट या वनसेवकाने, आणि तोही एकही गोळी न झाडता! पुढे गर्न्सी यांनी या खेळाचा व्यवसाय केला, आणि बघता बघता तो देशभर व देशाबाहेर पसरला.

या खेळाचे साहित्य वरवर पाहता खेळण्यासारखे दिसते. वस्तुतः ते नाजूक आहे आणि काही अंशी धोक्याचेही आहे. गोळीचे कवच औषधाच्या कॅप्सूलप्रमाणे जिलेटिनचे असते व तिच्या पोटात पाण्याने धुतला जाणारा रंग असतो. तिचा व्यास सुमारे 17 मिलिमीटर. ती सेकंदाला 300 फुटांहून अधिक वेगाने सुटू नये, असा बहुतेक मैदानांचा दंडक आहे. हा वेग ताशी सुमारे 330 किलोमीटर भरतो. म्हणूनच डोळे झाकणारा मुखवटा घातल्याखेरीज मैदानात पाऊल टाकता येत नाही. बंदुकीला जोर मिळतो तो कार्बन डायऑक्साइडच्या किंवा दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरमधून. हवेच्या सिलिंडरमधील दाब दर चौरस इंचाला 3000 किंवा 4500 पौंड असतो. अशा बहुतेक सिलिंडरांची ठराविक मुदतीने, सामान्यतः पाच वर्षांनी, पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते. झडप फिरून सिलिंडरपासून सुटल्यामुळे प्राणहानी झाल्याचे प्रकारही अमेरिकेत घडले आहेत.

हे सारे समजावून सांगण्यासाठी तेथे खास दुकान निर्माण झाले. नवख्या मुलाच्या हाताला कोणती बंदूक बसेल, मुखवट्याची काच बाहेर चालताना घ्यावयाच्या चष्म्यासारखी नसून तिला वेगळी ताकद का लागते, बंदुकीतून हवा गळू लागली तर कोणती ओ-रिंग झिजली असावी, या प्रश्नांची उत्तरे दुकानदार देई. तो सिलिंडर भरून देई आणि भरण्यापूर्वी त्यावरील चाचणीची तारीख पाही. शनिवारी-रविवारी कोणत्या रानात डाव आहे व कोणत्या संघाला गडी कमी पडतो आहे, याचीही खबर त्याच्याकडेच मिळे. त्याची मिळकत तीन वाटांनी येई: बंदुका-मुखवट्यांची विक्री, गोळ्यांची विक्री आणि हवा भरण्याचे व दुरुस्तीचे पैसे. या तीन वाटा कशा अरुंद होत गेल्या, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

पहिला धक्का मोठ्या भांडारांचा. ब्रास ईगल ही कंपनी 1997 साली भांडवल बाजारात उतरली. तिचे मुख्य कार्यालय आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल येथे होते, आणि वॉलमार्ट या प्रचंड भांडारसाखळीचे मुख्य ठाणेही त्याच गावात. या कंपनीच्या स्वस्त बंदुका वॉलमार्टच्या फळ्यांवर गेल्या आणि खेळ घरोघर पोचला. लहान दुकानदाराला यात लाभ नव्हता असे नाही. भांडारातून पहिली बंदूक घेतलेला मुलगा ती बिघडली, किंवा त्याची हौस वाढली, म्हणजे शेवटी त्याच्याच दारी येई. पण पहिली विक्री गेली ती गेलीच. बंदूक घेतेवेळी सुरक्षिततेचे जे चार शब्द कानी पडावयाचे तेही गेले. कारण भांडारात त्याच फळीशेजारी मासे पकडण्याच्या गळांची फळी होती आणि दोहोंवर देखरेख करणारा नोकर एकच होता.

दुसरा धक्का घरबसल्या खरेदीचा. अमेरिकेत विक्रीकर राज्यांचा असतो. पंचेचाळीस राज्ये तो घेतात. 1992 साली क्विल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता, की ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, कोठार किंवा माणूस नाही, त्याच्यावर त्या राज्याचा कर गोळा करण्याची सक्ती करता येत नाही. हा निर्णय टपालाने माल विकणाऱ्यांच्या संदर्भात होता. इंटरनेट आल्यावर त्याचा लाभ नव्या विक्रेत्यांना मिळाला. गावातील दुकानदार भाडे, वीज व नोकराचा पगार देऊन वर गिऱ्हाइकाकडून कर घेई. दूरच्या राज्यातील विक्रेता तीच बंदूक कर न घेता पाठवी. हा भेद मिटावयास सव्वीस वर्षे लागली. जून 2018 मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात न्यायालयाने आपला जुना निर्णय फिरविला. तोवर कित्येक गिऱ्हाइकांची सवय कायमची बदलून गेली होती. शिवाय नव्या व्यवस्थेत स्वतः इंटरनेटवर माल विकू पाहणाऱ्या दुकानदाराला, त्याची विक्री ठराविक मर्यादेपलीकडे गेली की, अनेक राज्यांच्या करांचे हिशेब ठेवणे भाग पडले.

तथापि कर हे दुखण्याचे मूळ नव्हते. एखादा तरुण दुकानात येतो, तीन बंदुका हातात घेऊन पाहतो, अर्धा तास प्रश्न विचारतो, दुकानदार मनापासून उत्तरे देतो. मग तो घरी जाऊन त्यांतली एक बंदूक दुसरीकडून वीस डॉलर कमी देऊन मागवितो. यात त्याने कोणताही कायदा मोडलेला नाही. त्याने एका ठिकाणी ज्ञान घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी वस्तू घेतली, एवढेच. वस्तूवर किंमतीची चिठ्ठी होती, ज्ञानावर नव्हती. लेस्टर टेल्सर या अर्थशास्त्रज्ञाने 1960 सालीच या प्रकाराची मीमांसा केली होती. सल्ला देण्याचा खर्च एका दुकानाने करावयाचा आणि विक्री मात्र सल्ला न देणाऱ्याने न्यावयाची, असे चालू राहिले तर हळूहळू सल्ला देणे कोणालाच परवडणार नाही, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ होता.

यावर उपाय म्हणून उत्पादकांनी किमान किंमत ठरवून द्यावी काय? 1911 पासून अमेरिकेत तसा करार मुळातच बेकायदा मानला जाई. 28 जून 2007 रोजी लीजिन या चामडी वस्तू बनविणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंडक बदलला, आणि अशा कराराचे बरेवाईट परिणाम पाहून प्रत्येक प्रकरणाचा निवाडा करावा, असे ठरविले. गमतीची गोष्ट ही, की त्या खटल्यात सवलत देणारे दुकान टेक्सासमधील एक लहान दुकानच होते. पेंटबॉलच्या उत्पादकांनीही जाहिरातीत अमुक किंमतीखाली माल दाखवू नये, असे नियम केले. त्यांनी थोडा आधार मिळाला. पण जाहिरातीतील किंमत बांधता येते, प्रत्यक्ष सौद्यातील किंमत बांधणे कठीण. आणि खेळाडूंनी एकमेकांना परस्पर विकलेल्या जुन्या बंदुकांना तर कोणताच नियम लागू नाही.

दुसरी वाट गोळ्यांची. गोळी हा नाशवंत माल आहे, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दमट हवेत जिलेटिन फुगते आणि गोळी नळीत अडकते. थंडीत ती ठिसूळ होऊन नळीतच फुटते. दोन हजार गोळ्यांची पेटी सहा किलोंहून अधिक वजनाची, म्हणून पाठवणावळ जड. एकदम अनेक पेट्या घेतल्या तर भाव बरा मिळतो. पण उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रानावर बर्फ असते, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि कोठारात माल खराब होत जातो. त्यातच पुष्कळ मैदानवाल्यांनी, आमच्याकडे आमच्याच गोळ्या वापराव्या लागतील, असा नियम केला. त्यांचीही बाजू आहे. मैदानाचे भाडे व विम्याचा हप्ता त्यांना गोळ्यांच्या नफ्यातूनच काढावयाचा असतो, आणि वाईट गोळ्यांमुळे होणारी तक्रारही टळते. पण त्यामुळे दुकानदाराच्या हातातील रोजचा माल सुटला.

तिसरे संकट वरून आले. उत्पादक व घाऊक व्यापारी एकमेकांत विलीन होत गेले. 2003 च्या अखेरीस ब्रास ईगल ही के-टू या कंपनीकडे गेली. 2006 मध्ये दोन मोठे घाऊक व्यापारी एकत्र येऊन की ॲक्शन स्पोर्ट्स ही संस्था झाली. कॅनडातील जीआय स्पोर्ट्झने 2013 साली टिपमन आणि 2015 साली की ॲक्शन स्पोर्ट्स आपल्यात सामावून घेतल्या. लहान दुकानदाराला पूर्वी दहा दारे ठोठावता येत, तेथे आता दोन-तीनच दारे उरली. ऑक्टोबर 2020 मध्ये जीआय स्पोर्ट्झनेच धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागितले आणि तिची मालमत्ता पुढे कोअर आउटडोअर या कंपनीने घेतली. एवढ्या मोठ्या घराला तडा गेला, की त्या घराच्या बंदुका विकून बसलेल्या दुकानदारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सुट्या भागांचा. गिऱ्हाईक जाब विचारते ते त्याला. कंपनीच्या कचेरीत कोणी जात नाही.

यातून जे तरले ते कसे तरले? काहींनी मैदानाशी भागीदारी केली किंवा स्वतःच मैदान काढले. मग गोळ्या, हवा आणि भाड्याच्या बंदुका यांचे उत्पन्न एकाच घरात राहिले. काहींनी दुरुस्तीचा दर स्पष्टपणे लिहून भिंतीवर लावला, आणि दुसरीकडून घेतलेली बंदूकही राग न धरता दुरुस्त करून दिली. मात्र श्रमांचे पूर्ण पैसे घेतले. काहींनी जुन्या बंदुका घेऊन, तपासून, नीट करून विकण्यास आरंभ केला. या सर्व उपायांत एक सूत्र समान आहे. जे ज्ञान आजवर वस्तूच्या किंमतीत लपून बसले होते, त्याला त्यांनी उघड किंमत लावली.

याचा अर्थ प्रत्येक लहान दुकान टिकलेच पाहिजे, असा नव्हे. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला तुच्छतेने वागविले जाते, जुना माल नव्या दराने गळ्यात मारला जातो, ते बंद पडले तर त्यात समाजाची काही हानी नाही. स्वस्त मालामुळे सामान्य स्थितीतील मुलांनाही खेळता येऊ लागले, हेही मान्य केले पाहिजे. पण मुदत संपलेल्या सिलिंडरवर बोट ठेवून “हा मी भरणार नाही” असे सांगणारा माणूस गावात उरला नाही, तर ती उणीव कोणत्या घरपोच पेटीने भरून निघणार?

हा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही. मिरजेचा तंबोरा आज दूर देशीही मागविता येतो. पण त्याची जवारी उतरली, म्हणजे तारेखालच्या घोडीवर दोरा सरकवून, कानाने ऐकत, पुन्हा घासून सूर जागा करणारा कारागीर लागतो. त्याच्या हाताचा मोबदला तंबोऱ्याच्या विक्रीतूनच निघावा, अशी अपेक्षा ठेवून विक्री मात्र दुसरीकडे नेली, तर तो हात पुढल्या पिढीत शिल्लक राहणार नाही. चष्म्याचे दुकान असो, सायकलचे असो की शेतीच्या पंपांचे, तेथे आपण वस्तूबरोबर कोणाचे तरी शहाणपण घेऊन येतो. त्याचे दाम ज्याचे त्याला पोचते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी काही अंशी कायद्याची आहे, काही अंशी दुकानदाराची आहे; आणि उरलेली, सल्ला विचारून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे.